जीवशास्त्रीय संज्ञांतील उपसर्ग व धातू : महाड परिसराच्या अनुषंगाने

रायगड किल्ला आज महाड तालुक्यात मोडतो. १६७४ मध्ये तेथे राज्याभिषेक झाला, आणि नव्या राज्याला नव्या मुद्रेप्रमाणेच नव्या शब्दांचीही गरज भासली. छत्रपती शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेला, रघुनाथपंडिताच्या नावावर असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा त्या गरजेतून निर्माण झाला. १० वर्गांत विभागलेला व अनुष्टुभ छंदात रचलेला हा कोश सुमारे १४०० फारसी व दखनी शब्दांना संस्कृत पर्याय देतो. इतिहासाचे अभ्यासक त्याच्याकडे राजकीय आकांक्षेचा पुरावा म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. राज्यकर्त्याच्या इच्छेने, विषयवार वर्ग पाडून, संस्कृत धातू व उपसर्ग यांच्या आधारे शब्द घडवावेत आणि ते व्यवहारात रूढ व्हावेत अशी अपेक्षा धरावी, ही जी परिभाषानिर्मितीची रीत पुढे विसाव्या शतकात आपल्याकडे सर्वमान्य झाली, तिचे पूर्वरूप या कोशात आहे.

त्या कोशाच्या पर्यायांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, आणि सचिव तर आजही मंत्रालयात बसलेला आहे. पेशव्याचा ‘प्रधान’ मात्र लोकांनी फारसा मनावर घेतला नाही. शंभर वर्षे मराठ्यांचे राज्य ज्यांच्या नावाने ओळखले गेले ते पेशवेच राहिले. किल्ल्याला ‘दुर्ग’ हा पर्याय मिळाला, तो गडांच्या नावांत शिरला, पण किल्ला काही हटला नाही. रायगडावरून महाडास उतरून दक्षिणेकडे निघावे तर पुढचे मोठे गाव पोलादपूर. दिसते तसे घेतले तर या नावाचा पूर्वार्ध फारसी आणि उत्तरार्ध संस्कृत. कोशकाराला असा संकर मानवला नसता. गावाला त्याची अडचण वाटली नाही. (महाड या नावातील पहिला अवयव ‘महा’च की काय, याविषयी तर्क करण्याचा मोह येथे आवरतो.)

प्रस्तुत लेखाचा विषय राज्यव्यवहाराची नव्हे, तर जीवशास्त्राची परिभाषा हा आहे. या शास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी ग्रीक व लॅटिन उपसर्ग आणि धातू यांची एक लांबलचक यादी पाठ करावी लागते. एपि म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली, पेरी म्हणजे सभोवती, हेमी म्हणजे अर्धे, झायगो म्हणजे जोडी, ऑस्टिओ म्हणजे हाड. ही यादी तो परकी म्हणून घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. वस्तुतः त्या यादीचा मोठा भाग त्याच्या घरचा आहे. हे त्याला कोणी सांगत नाही. आणि ज्या समित्यांनी मराठी पर्याय घडविले त्यांनी हे नाते काही ठिकाणी जपले, काही ठिकाणी नकळत तोडले. या जपण्या-तोडण्याचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

आरंभ शास्त्राच्या नावापासूनच करू. ‘बायॉलॉजी’ हा शब्द १८०२ च्या सुमारास ट्रेव्हिरानस व लामार्क यांनी स्वतंत्रपणे प्रचारात आणला. त्यातील ‘बिऑस’ हा ग्रीक शब्द आणि आपला ‘जीव’ हे दोन्ही एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूपासून निघालेले आहेत. लॅटिन ‘विवुस’ हाही त्याच कुळातला. मूळ भाषेतील ओष्ठ्य छटेचा कंठ्य वर्ण ग्रीकमध्ये ‘ब’ झाला, तर संस्कृतात त्याचा स्वरानुसार ‘ग’ किंवा ‘ज’ झाला. म्हणूनच ग्रीक ‘बूस’ आणि आपली ‘गो’ ही एकच. जीवशास्त्र हा शब्द बायॉलॉजीचा अनुवाद आहे असे आपण म्हणतो खरे, परंतु पहिल्या अवयवापुरता तो अनुवाद नव्हे, प्रतिरूप आहे.

दुसरा नियम याहून सोपा. मूळ ‘स’ शब्दारंभी ग्रीकमध्ये ‘ह’ होतो. संस्कृत व लॅटिन यांनी तो राखला. ‘हेप्टा’ म्हणजे सप्त, ‘होमो’ म्हणजे सम, ‘होलोस’ म्हणजे सर्व. ‘हेमी’ आणि लॅटिन ‘सेमी’ या दोहोंचा भाऊ संस्कृतात ‘सामि’ या अव्ययाच्या रूपाने आहे. त्याचा अर्थ अर्धे असाच होतो, पण मराठीत तो उतरला नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शास्त्राला ‘हर्पेटॉलॉजी’ म्हणतात. त्यातील धातू आणि आपल्या सर्पातील, सरीसृपातील ‘सृप्’ धातू एकच. तिसरा नियम महाप्राण कंठ्याचा : जेथे ग्रीकमध्ये ‘ख’ येतो तेथे संस्कृतात पुष्कळदा ‘ह’ दिसतो. १८१७ च्या सुमारास पेल्त्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी पानांतील हिरव्या द्रव्याला ‘क्लोरोफिल’ हे नाव दिले. त्यातील ‘ख्लोरोस’ हा शब्द आपल्या ‘हरि’, ‘हरित’, ‘हिरण्य’ यांचा सगोत्र होय. मराठीत हरितद्रव्य हा शब्द ज्याने योजिला त्याला हे ठाऊक असो वा नसो, निवड अचूक पडली आहे.

हे तीन नियम व दहा-पंधरा उपसर्ग एवढी सामग्री घेऊन बसले तर यादीचे स्वरूपच पालटते. ‘पेरी’ म्हणजे परि, ‘प्रो’ म्हणजे प्र, ‘हायपो’ म्हणजे उप, ‘हायपर’ म्हणजे उपरि, ‘डिस’ म्हणजे दुस्, निषेधार्थी ‘अ’ व ‘अन्’ तर दोन्हीकडे जसेच्या तसे. ‘ऑस्टिऑन’ म्हणजे अस्थि, ‘स्प्लेन’ म्हणजे प्लीहा, ‘एंटेरॉन’ म्हणजे आंत्र, ‘पोडोस’ म्हणजे पाद. कवचधारी प्राण्यांच्या ‘आर्थ्रोपोडा’ संघाला आपण संधिपाद म्हणतो, त्यात उत्तरपद एकच आहे. ‘होमोझायगस’ला समयुग्मजी म्हणतो, त्यात तर दोन्ही पदे सगोत्र आहेत, ‘झायगॉन’ म्हणजे जू, आणि ‘युग’ या शब्दाचाही मूळ अर्थ तोच. जांभळीचे शास्त्रीय प्रजातिनाम ‘सायझिजियम’ असे आहे. त्यात जोडीने, जुवाला जुंपल्याप्रमाणे असणे हा अर्थ दडलेला आहे, आणि जांभळीच्या फांदीवर समोरासमोर येणारी पाने पाहिली की तो ध्यानात राहतो.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक वाटतात. सगोत्र असणे म्हणजे एकाने दुसऱ्यापासून घेणे नव्हे. ग्रीक शब्द संस्कृतातून निघाले असे म्हणणाऱ्या उत्साही मंडळींचा या विवेचनाशी संबंध नाही. १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या व्याख्यानात या भाषांचे जे समान मूळ सुचविले, त्याच मर्यादेत हे सर्व आहे. दुसरे असे की, ध्वनिसाम्य फसवे असते. ‘डर्मा’ आणि ‘चर्म’ हे कानाला भाऊ वाटतात, पण त्यांचा काही संबंध नाही. ‘डर्मा’चे मूळ सोलणे-फाडणे या अर्थाच्या धातूत आहे, आणि संस्कृतातील कातडी पखालीचा वाचक ‘दृति’ हा त्याचा नातलग आहे. नियम न शिकविता केवळ साम्य दाखविले तर विद्यार्थी असल्या सापळ्यात हमखास सापडतो.

आता इतिहासाकडे वळू. मुंबई इलाख्यात पाश्चात्य शरीरशास्त्र मराठीतून शिकविण्याचा पहिला उद्योग १८२६ मध्ये सुरू झालेल्या नेटिव्ह मेडिकल स्कूलचा. त्याचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी देशी भाषेत पाठ्यपुस्तके सिद्ध करण्याचे कष्ट घेतले. परंतु १८३२ मध्ये ती शाळाच बंद करण्यात आली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते इंग्रजी माध्यमाचे. १८६० नंतरच्या दशकात तेथे मराठी व गुजराती वर्ग निघाले खरे, पण ते दुय्यम दर्जाचे वैद्यकीय साहाय्यक तयार करण्यासाठी. उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि कनिष्ठ शिक्षण मराठीतून हा जो भेद तेव्हा पडला, तो परिभाषेच्या दृष्टीने फार घातक ठरला, असे माझे मत आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मराठी पर्यायांची गरज उरली नाही. मराठीतून शिकणाऱ्याला मूळ धातूंशी परिचय होण्याची संधी मिळाली नाही. याच ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन हे १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ गृहस्थांपैकी एक होते. त्या आठांत दोनच भारतीय होते, दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग.

दोन्ही बाजूंचे धातू एकाच माणसाच्या हाती आले तर काय घडते, याचे एक उदाहरण महाड तालुक्यातच आहे. महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. (सगोत्र शब्दांविषयी लिहिताना गावाचे नाव नेमके ‘नाते’ निघावे, हा निव्वळ योगायोग.) पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री म्हणून प्रसिद्ध झाले, त्यामुळे त्यांचे विद्यार्थिजीवन सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१७ मध्ये, केंब्रिजच्या जीझस कॉलेजातून त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा दिली, आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकाविले. पुढील वर्षी ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले आणि वनस्पतिशास्त्र मागे पडले. संस्कृत मात्र अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिले. मेघदूताचा त्यांनी केलेला मराठी पद्यानुवाद सर्वश्रुत आहे. पाणिनीचे उपसर्ग आणि लिनीअसची नामपद्धती या दोहोंत सारखीच गती असलेला हा विद्यार्थी अपवादच होता. त्याच तालुक्यातील आजच्या विद्यार्थ्याला यांपैकी एकही शिदोरी मिळत नाही, आणि यादी मात्र तीच पाठ करावी लागते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे परिभाषेच्या प्रश्नाला एकदम निकड आली. या काळातील सर्वांत प्रभावी पुरुष म्हणजे डॉ. रघुवीर. ते मूळचे पंजाबचे. १९४६ च्या सुमारास लाहोर सोडून ते नागपुरास आले आणि मध्यप्रांताच्या शासनासाठी त्यांनी परिभाषेचे प्रचंड काम उभे केले. २० उपसर्ग, ५२० धातू आणि ८० प्रत्यय एवढ्या भांडवलावर हवे तितके शब्द निर्माण करता येतील, हा त्यांचा सिद्धांत होता. (पाणिनीय परंपरेत उपसर्ग २२ मानतात; निस्-निर् आणि दुस्-दुर् एकेक धरले की २० होतात.) गणित म्हणून त्यात काहीच चूक नाही. त्यांच्या काही शब्दांची चेष्टा झाली तरी शास्त्रीय शब्द सुटा नसतो, तो एका कुळातला असतो, आणि कुळ दिसले पाहिजे, हे त्यांचे मर्म बरोबर होते. त्यांचे चुकले ते इतकेच की, भाषक हा कोरी पाटी घेऊन बसलेला नसतो. त्याच्या पाटीवर आधीच काही लिहिलेले असते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर जुलै १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने पुढे विविध शास्त्रांचे परिभाषा कोश काढले, त्यांत जीवशास्त्राचाही होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेले मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथून चालले. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठावे आणि पलीकडे पसरणीच्या घाटाने उतरावे, की वाई येते. या वाटेने महाडकडील माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशावर जात आली आहेत. पण वाईस घडलेले शब्द घाट उतरून महाडच्या शाळांत फारसे आले नाहीत. विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये व पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तोपर्यंत शालेय पाठ्यपुस्तकांनी आपली वेगळी चाल धरली होती.

या दोन चाली शेजारी ठेवून पाहिल्या तर पुष्कळ शिकावयास मिळते. विश्वकोश सजीवाच्या मूल घटकाला कोशिका म्हणतो, पाठ्यपुस्तक पेशी म्हणते. विश्वकोश युग्मकाला गंतुक आणि फलनानंतरच्या पहिल्या कोशिकेला रंदुक म्हणतो; पाठ्यपुस्तकात त्याच युग्मक व युग्मनज होतात. येथे पाठ्यपुस्तकाची बाजू मला निःसंशय वरचढ वाटते. गंतुकात गम् धातू ओळखू येतो एवढे तरी आहे, रंदुक मात्र व्युत्पत्ती विचारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुका राहतो. युग्मनज म्हटले की ‘झायगोट’मधील ‘झायगॉन’ आणि ‘युज्’ यांची गाठ आपोआप पडते.

परंतु काष्ठाच्या बाबतीत न्याय उलटा द्यावा लागतो. ‘झायलेम’ला पाठ्यपुस्तक जलवाहिनी म्हणते आणि ‘फ्लोएम’ला रसवाहिनी. कार्य सांगणारे हे शब्द लहान मुलाला चटकन समजतात. विश्वकोश त्यांना प्रकाष्ठ व परिकाष्ठ म्हणतो. साग किंवा ऐन तोडल्यावर आत जो गर्द रंगाचा मध्यकाष्ठाचा भाग दिसतो, त्यातून पाणी वाहात नाही. तो केव्हाच निकामी झालेला असतो. तरी शास्त्रदृष्ट्या तो ‘झायलेम’च असतो. पाणी न वाहणारी जलवाहिनी हा वदतोव्याघात विद्यार्थ्याच्या माथी मारण्यापेक्षा प्रकाष्ठ हा शब्द थोडा कठीण असला तरी पत्करावा; शिवाय ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड हा मूळ धातूचा अर्थही त्यात शाबूत आहे.

विश्वकोशाच्या शब्दांत मला सर्वांत मार्मिक वाटतो तो ‘एपि’साठी योजिलेला ‘अपि’. ‘एपिडर्मिस’ म्हणजे अपित्वचा, ‘एपिफाइट’ म्हणजे अपिवनस्पती. मराठी वाचकाला अपि म्हणजे ‘सुद्धा’ एवढेच ठाऊक असते, त्यामुळे हे शब्द प्रथम विचित्र वाटतात. पण अपिधान म्हणजे झाकण, या शब्दात अपिचा वरून, लगटून हा जुना अर्थ जिवंत आहे, आणि ग्रीक ‘एपि’ हा त्याचाच भाऊ होय. अर्थही जुळला, कूळही जुळले. वरंध घाटाच्या रानात आंब्याच्या किंवा जांभळीच्या खोडावर सीतेची वेणी फुललेली दिसते, आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवर बांडगूळ असते. बांडगूळ झाडाचा रस शोषते. सीतेची वेणी केवळ वर बसते, काही मागत नाही. हा भेद सांगण्यासाठी अपिवनस्पती याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

आता ज्या गोष्टीकडे समित्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही असे वाटते, तिच्याकडे वळतो. संस्कृतातून शब्द घेताना तो शब्द आयुर्वेदात आधीच एका निश्चित अर्थाने वापरलेला आहे काय, हे पाहावयास हवे होते. सुश्रुताच्या शारीरस्थानात मनुष्यदेहात ५०० पेशी, ९०० स्नायू, ३०० अस्थी आणि ७०० सिरा सांगितल्या आहेत. आजच्या मराठी विद्यार्थ्याने हे वाक्य वाचले तर तो हसेल. कारण पेशी म्हणजे ‘सेल’ असे तो शिकला आहे, आणि देहातील अशा पेशींचा आधुनिक अंदाज ३० लाख कोटींच्या आसपास जातो. सुश्रुताची पेशी म्हणजे मांसपेशी. त्याचे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे चिवट तंतू. मराठीने स्नायूला मांसाच्या जागी बसविले आणि मग पेशीला हलवून सूक्ष्म घटकाच्या जागी नेले. हिंदीने कोशिका स्वीकारून पेशीला तिच्या मूळ घरी राहू दिले. त्यामुळे एकाच लिपीत छापलेली दोन पुस्तके समोर ठेवणारा विद्यार्थी एकाच शब्दाने दोन भिन्न वस्तू समजतो.

स्नायूची कथा येथेच संपत नाही. त्याचा ग्रीक सगोत्र ‘न्यूरॉन’. तोही मूळचा चिवट तंतूच. ग्रीक वैद्यांच्या हाती पडून तो पुढे संवेदनावाहक तंतू झाला. म्हणजे एकाच घरातून निघालेले दोन शब्द, एक युरोपात चेतातंतू झाला, दुसरा महाराष्ट्रात मांस झाला. त्या चेतातंतूंना मराठीत मज्जातंतू असेही म्हणतात, आणि आयुर्वेदात मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगज! असल्या ठिकाणी धातुज्ञान वाट दाखवीत नाही, ते चकवते. म्हणून धातूबरोबर शब्दाचा प्रवासही सांगावा लागतो.

मांसाच्या गाठीविषयी बोलतच आहोत तर एक गमतीची गोष्ट. ‘मसल’ हा शब्द लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून आला, त्याचा अर्थ लहान उंदीर. दंड वाकविला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखे दिसते, त्यावरून ते नाव पडले. ग्रीक ‘मायो’ या सर्वपरिचित उपपदाच्या मुळाशीही उंदीरच आहे, आणि आपल्या मूषकाशी त्याचे नाते आहे. आपली मुले मात्र दंडात बेटकुळी काढून दाखवितात. रोमन बालकाला जेथे उंदीर दिसला तेथे मराठी बालकाला बेडकी दिसली. कोणत्याही समितीने हा शब्द घडविला नाही, आणि कोणत्याही परिभाषा कोशात तो नसला तरी त्याचे काही अडत नाही.

एका अक्षराच्या हेळसांडीने धातू कसा बदलतो याचेही उदाहरण देतो. ‘अँजिओस्पर्म’ला विश्वकोशाने आवृतबीज म्हटले. आ उपसर्गापुढे वृ धातू, म्हणजे झाकलेले. फळाच्या आवरणात ज्याचे बीज झाकलेले आहे ते. पाठ्यपुस्तकांतून व मार्गदर्शिकांतून ‘आवृत्तबीजी’ असे लेखन आढळते. त आणि त्त एवढाच फरक, पण त्याने धातू वृ न राहता वृत् होतो, आणि अर्थ पुन्हा फिरून आलेले असा होतो. आवृत्ती या शब्दातला तो धातू. विद्यार्थी ‘अनावृत्तबीजी’ असे लिहितो तेव्हा त्याला बीज उघडे आहे असे म्हणावयाचे असते. त्याचे अक्षर मात्र बीज परत आले नाही असे सांगत असते. परीक्षक दोन्हींस पूर्ण गुण देतो, आणि द्यावेतही. पण वृ व वृत् यांतील भेद एकदा सांगितला असता तर ही चूक घडलीच नसती, आणि ‘आवरण’ या घरगुती शब्दाने ती कायमची दूर राहिली असती.

लॅटिनची सक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे खरे. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच असले पाहिजे हा १९३५ पासूनचा दंडक १ जानेवारी २०१२ पासून शिथिल झाला, आणि इंग्रजी वर्णनही ग्राह्य ठरले. नावे मात्र लॅटिन धाटणीचीच राहतात, आणि ती वाचता येणे वा न येणे यावर विद्यार्थ्याचा आत्मविश्वास पुष्कळ अवलंबून असतो. काही वर्षांपूर्वी महाड भागातील एका महाविद्यालयात विज्ञानाच्या प्रथम वर्षासमोर बोलण्याचा प्रसंग आला. मुले बहुतेक मराठी शाळांतून आलेली, निम्मी पोलादपूरच्या वरच्या अंगच्या खेड्यांतली. प्रत्येकाजवळ उपसर्गांच्या यादीची झेरॉक्स प्रत होती आणि चेहऱ्यावर तिचा धाक होता. मी फळ्यावर दोन नावे लिहिली. पहिले ‘स्ट्रोबिलँथिस’. ‘स्ट्रोबिलॉस’ म्हणजे शंकूसारखे कणीस, ‘अँथॉस’ म्हणजे फूल. हे झुडूप तुमच्या घराच्या कुडात आहे, असे सांगितल्यावर कारवीचे नाव दोन-तीन बाकांवरून एकदम आले. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी, डोंगर निळा-जांभळा करणारी कारवी त्यांना आमच्यापेक्षा चांगली माहीत होती. ती यादीतल्या शब्दांत राहते हे माहीत नव्हते.

दुसरे नाव ‘होलॅऱ्हीना अँटिडिसेंटेरिका’. आज हे नाव मागे पडून त्याच झाडाला ‘होलॅऱ्हीना प्युबेसेन्स’ म्हणतात, म्हणजे लव असलेले; नावाच्या नियमांप्रमाणे ते योग्य असेल, पण जुन्या नावात जे सांगणे होते ते गेले. जुने नाव फोडून दाखविले. ‘अँटि’ म्हणजे विरुद्ध. ‘डिस’ म्हणजे आपला दुस्. ‘एंटेरॉन’ म्हणजे आंत्र, आतडे. दुष्ट झालेल्या आतड्याच्या विरुद्ध जे झाड ते. क्षणभर शांतता झाली, आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, हा कुडा तर नव्हे? आव पडली की आजी त्याचीच साल उकळून देते.”

तो कुडाच होता. संस्कृत ग्रंथांतला कुटज. त्यानंतर यादीचा धाक जरा ओसरला. ‘डिस’ पुन्हा कोठे येतो, असे एकाने विचारले. ‘डिस्प्निया’ हा शब्द निघाला, आणि त्याला दुःश्वास म्हणावे काय यावर वाद झाला. त्या मुलीने विचारले की, ‘डायरिया’ही असाच फोडता येतो का. ‘डाया’ म्हणजे आरपार, ‘ऱ्हेओ’ म्हणजे वाहणे, आणि हा ‘ऱ्हेओ’ आपल्या स्रवण्याचा, स्रावाचा भाऊ, असे सांगून मी फळ्यावर ‘अतिसार’ लिहिले आणि त्यातला उपसर्ग व धातू वेगळे करावयास सांगितले. अति त्यांनी लगेच सोडविला. सार शब्दापाशी काहींनी रस असा अर्थ केला, काहींनी आमटी. सृ धातूपर्यंत कोणी पोहोचण्याच्या आधीच पोलादपूरकडे जाणाऱ्या एस.टी.ची वेळ झाली आणि अर्धा वर्ग दप्तरे उचलून उठला.